श्रीखंडाच्या डब्यातला समुद्र

चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. नंतर आई आली की ती हाच किस्सा तिच्या पद्धतीने सांगेल, आणि तिच्या पद्धतीत माझी गय नसते. घोळ माझा आहे, तेव्हा सांगायचा पहिला हक्कही माझाच. हसायचं तर हसा, पण पाण्याचा पेला आधी खाली ठेवा.

तर मी भूशास्त्र शिकवतो. कल्याणच्या एका कॉलेजात, आणि त्या वेळी तात्पुरत्या नेमणुकीवर. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची, जूनमध्ये पुन्हा मिळायची, आणि मधल्या काळात मी आमच्या डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या घरात पाहुण्यासारखा वावरायचो. पीएचडी झाली की कायम करू, असं प्राचार्य म्हणालेले. त्यामुळे पीएचडी ही आमच्या घरातली एक व्यक्तीच होऊन बसली होती. ती झाली की सोफा बदलू. ती झाली की गावाला जाऊ. आई तर देवाला रोज तिचं नाव घेऊन हात जोडायची, माझं नाही.

विषय सांगतो, घाबरू नका. गाळ साचतो, त्याचा दगड होतो. तो दगड जमिनीच्या पोटात खोल गेला की उष्णतेने आणि दाबाने इतका भाजला-चेपला जातो की त्याचं रूपच पालटतं. याला म्हणायचं रूपांतरित खडक. आता हा मूळचा होता कोण? नदीचा चिखल, किनाऱ्याची वाळू, की समुद्रातला चुना? नुसतं बघून कळत नाही. पण त्यातली काही मूलद्रव्यं एवढं भाजलं तरी जागची हलत नाहीत. ती मोजायची आणि दगडाचं मूळ शोधायचं. थोडक्यात, थालीपीठ खाऊन भाजणीत काय काय होतं ते सांगायचं.

आईला मी हे असं समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्याला पीएचडी कशाला लागते?"

आपल्या ठाणे-डोंबिवलीखाली सगळा काळा लाव्ह्याचा दगड, त्यात माझं काही काम नव्हतं. माझे दगड कणकवलीकडचे, आईच्या माहेरच्या गावाजवळचे. माझे मार्गदर्शक गोगटे सर. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट मांडलेली, की इथले हे खडक मूळचे नदीने आणलेला चिखल आणि वाळू. माझेही सगळे नमुने मुकाट्याने तेच सांगत होते. एकच नमुना तपासायचा राहिला होता. रस्त्यालगतच्या कड्यातून काढलेला, चंदेरी, अभ्रकाने भरलेला. मी तो काढला आणि पुढच्याच खेपेला गेलो तर रस्ता रुंद झालेला आणि त्या कड्यावर सिमेंटची भिंत. म्हणजे आता तो दगड जगात फक्त माझ्या पिशवीत होता. तो गेला तर माझ्या प्रबंधाचा एक अख्खा भाग गेला, आणि सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते.

सरांना एका गोष्टीचा विलक्षण धसका होता. भेसळ. नमुन्यात बाहेरचं काही मिसळणं.

"परब, लोखंडी खलात कुटलंत तर लोह वाढेल. बोटात अंगठी ठेवलीत तर सोनं निघेल आणि तुम्ही खाण काढायला धावाल." सर सगळ्यांना अहोजाहो करतात, ओरडतानाही.

मी हे इतकं मनावर घेतलं की घरच्यांना पळून जावंसं वाटायला लागलं. दिवाळीमुळे कॉलेजची प्रयोगशाळा बंद, म्हणून दगड घरीच फोडायचा होता. त्यासाठी कॉलेजातून अकीक या कठीण दगडाचा खल आणला. लग्नातली अंगठी काढून देवघरात ठेवली. तोंडाला मास्क. पंखा बंद. मी काम करत असताना स्वयंपाकघरात फोडणी नाही, हळदीचा डबा उघडायचा नाही, आईने शिंकायचं नाही.

"शिंक काय विचारून येते?" आई म्हणाली.

"आली तर बाल्कनीत जा."

"आणि वरण?" हा प्रश्न वृषालीचा, माझ्या बायकोचा.

"उद्या."

"म्हणजे धनत्रयोदशीला आम्ही दहीभात खायचा. तुझ्या दगडाला हळद लागू नये म्हणून."

खाल्लाही बिचाऱ्यांनी.

सगळा दगड फोडून भरड चुरा तयार झाला. पांढरट, लुकलुकणारा. तो भरला श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. मराठी घरात दुसरा कुठला डबा सापडतो? झाकणावर पट्टी चिकटवली: शेवटचा नमुना, हात लावू नये. ओट्यावर शेजारीच दुसरा श्रीखंडाचा डबा होता, आईच्या पांढऱ्या रांगोळीचा. तिने तो माळ्यावरून काढून ठेवलेला. त्याच्यावर वर्षभराची धूळ. मला वाटलं, ही धूळ उडून माझ्या नमुन्यात गेली तर? झालं. मी दोन्ही डब्यांची झाकणं काढली, दोन्ही डबे बाहेरून ओल्या फडक्याने पुसले, झाकणं पुसली आणि परत लावली. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती म्हणून चष्मा काढून ठेवलेला. त्यात कुरिअरवाल्याचा फोन, तो मी खांद्याने कानाशी दाबून धरलेला.

आलं ना लक्षात? बघा, तुमच्या लगेच आलं. माझ्या यायला संक्रांत उलटावी लागली.

मग पट्टीवाल्या डब्यातला थोडा चुरा एका बाटलीत राखून ठेवला, बाकीचा डबा सील करून बाहेरगावच्या प्रयोगशाळेला पाठवला, आणि अंगठी परत बोटात घालून वृषालीला म्हणालो, "आता घाल काय हवी ती फोडणी." इतकं शुद्ध काम आयुष्यात केलं नव्हतं.

पाडव्याला आमच्या सोसायटीत रांगोळी स्पर्धा असते. सेक्रेटरी घरी आले. "परब, परीक्षक तुम्ही. दगडमातीतले माणूस. रांगोळी म्हणजे तरी काय, चुन्याच्या दगडाचीच पूड."

मला काय, भाषणाची संधी मिळाली की मी तयार. सकाळी उन्हात सगळ्या रांगोळ्या मांडलेल्या. आईने कमळांचा गालिचा काढलेला, आणि खरं सांगतो, तो लखलखत होता. लांबून दिसत होता. पण मुलाने आईला पहिला नंबर दिला असं कोणी म्हणू नये म्हणून मी आधीच ताठ होऊन आलेलो. उकिडवा बसलो, चिमूटभर रांगोळी बोटांत चोळली, आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "चमक भडक आहे. बाजारातली चमकी घातलेली दिसते. नैसर्गिक वाटत नाही."

आईला तिसरा नंबर.

पहिला नंबर दिला दुसऱ्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंना. त्यांच्या रांगोळीपाशी तर मी सगळ्यांना गोळा करून शिकवणीच घेतली. "हे बघा. याला म्हणतात खरं अभ्रक. कशी शांत चमक आहे. कोट्यवधी वर्षं लागतात अशी चमक यायला." काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. मला वाटलं, विनय. त्यांना स्टीलचा मोठा डबा बक्षीस मिळाला.

आईने माझ्याशी अबोला धरला. मावशीशी फोनवर मात्र गावच्या बोलीत सगळं चालू होतं. "पोटच्या झिलान माका तिसरो नंबर दिल्यान गो. भेसळ म्हणता." दुसऱ्या दिवशी तिचा राग निवळावा म्हणून तिची रांगोळी मीच झाडली. अगदी कोपऱ्याकोपऱ्यातून, झाडूने, आणि सुपडीत भरून कचऱ्यात टाकली. हे लक्षात ठेवा, पुढे मला फार जड गेलं.

मग संक्रांतीच्या सुमारास प्रयोगशाळेचा निकाल आला. मी ईमेल उघडली आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. या दगडात असायला हवं सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम. ते जेमतेम. त्याऐवजी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, तेही भरपूर. शिवाय सोडियम आणि क्लोरीन.

शहाणा माणूस इथे म्हणाला असता, कुठेतरी चुकलं. मी म्हणालो, समुद्र.

अहो, दिसायलाच लागला मला. उथळ, कोमट, हिरवट समुद्र. तळाशी चुन्याचा गाळ. मग पाणी आटत गेलं आणि मीठ मागे राहिलं. गोगटे सरांचं आयुष्यभराचं म्हणणं एका श्रीखंडाच्या डब्याने उलटंपालटं केलेलं.

"सुहास," वृषाली म्हणाली, "बाकी सगळे दगड चिखलाचे आणि हा एकच समुद्राचा. मग हाच चुकला असेल ना?"

"मोठे शोध असेच लागतात."

"आणि तू म्हणालेलास हा चमकतो, अभ्रकाचा आहे. चुन्यात अभ्रक कुठून आलं?"

"तोच तर शोध आहे."

ती बँकेत असते. खात्यात काही जास्तीचं आलं की आधी चूक शोधायची, ही तिची सवय. मला ती कोती वाटली. आता तिच्यासमोर हे कबूल करायची माझी हिंमत नाही, तुम्ही पण सांगू नका.

आईचा अबोला मात्र त्या समुद्राने सुटला. "आमच्या परसाखाली समुद्र होतो?" असं तिने मला गावच्या बोलीतच परत परत विचारलं आणि मग घरोघरच्या हळदीकुंकवात वाणाबरोबर ही बातमीही वाटली. सेक्रेटरींनी गेटवरच्या फळ्यावर लिहिलं, 'समुद्र शोधल्याबद्दल परब सरांचे अभिनंदन'. त्याच्या खाली, 'उद्या पाणी येणार नाही'.

सरांना फोन केला. त्यांनी सगळे आकडे लिहून घेतले. मग म्हणाले, "परब, विद्यापीठात मांडण्याआधी तुमचा समुद्र मला दाखवा. राखलेला चुरा घेऊन घरी या."

सर ठाण्यात माजिवड्याला राहतात. त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत खिडकीशी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मी वाटेत मनातल्या मनात वाक्यं जुळवत गेलेलो. सर, तुमचं काम होतं म्हणूनच मी पुढे जाऊ शकलो. सर, विज्ञान असंच चालतं. म्हाताऱ्या माणसाला लागू नये याची काळजी नको घ्यायला?

सरांनी बाटलीतला चुरा काचेवर घेतला, आम्लाचा थेंब टाकला. फसफसलं.

"चुना, सर," मी म्हणालो.

"हं." त्यांनी दुसऱ्या काचेवर कोरडा चुरा घेतला आणि डोळा लावला. "हे गुलाबी कण कसले?"

"गार्नेट."

"आणि हिरवे?"

"क्लोराइट, सर."

"हे चंदेरी, षटकोनी?"

मी डोळा लावला आणि माझा ऊर भरून आला. "अभ्रक. अभ्रकाचे स्फटिक षटकोनीच असतात. पण इतके रेखीव, सगळे एका मापाचे, मी आजवर पाहिले नव्हते."

"मीही नाही," सर म्हणाले. त्यांनी खणातून मेणबत्ती काढली, पेटवली, तिच्यावर एक सुई धरली आणि तापलेलं टोक त्या चंदेरी कणाला लावलं. कण आकसला, गोळा झाला आणि सुईला चिकटला. खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास आला.

सर माझ्याकडे बघत नव्हते. सुईकडे बघत होते. "जमिनीच्या पोटातली उष्णता सोसलेलं अभ्रक मेणबत्तीने वितळलं. खरोखरच मोठा शोध आहे." मग चष्मा काढून अगदी मायेने विचारलं, "परब, तुमच्याकडे रांगोळी कोण काढतं?"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला ओटा दिसला. दोन डबे, दोन झाकणं आणि माझ्या हातातलं ओलं फडकं. दर दिवाळीला उरलेले रंग आणि चमकी आई त्याच रांगोळीच्या डब्यात ओतते, हेही आठवलं. आणि कानात माझाच आवाज ऐकू आला. चमक भडक आहे. नैसर्गिक वाटत नाही.

"सर, मग माझा नमुना?"

"तो तुमच्या दारात शोधा. आहे का शिल्लक?"

अर्धा तर मी स्वतःच्या हाताने झाडून कचऱ्यात टाकलेला. मी खाली धावलो, कॅब केली आणि आईला फोन लावला. उचलला वृषालीने.

"आई बाहेर आहेत. दारात रांगोळी काढतायत."

"आत्ता? का?"

"आज आपल्याकडे हळदीकुंकू आहे. सकाळी सांगितलेलं तुला. तू समुद्रात होतास."

"तिला थांबव. वृषाली, आई दारात माझी पीएचडी काढतेय."

मग वृषाली म्हणाली, "झाकणं." एवढंच. तिला एका शब्दात कळलं आणि फोन कट झाला.

कॅबवाल्याने आरशातून बघितलं. "साहेब, घरी चोरीबिरी झाली काय?"

"नाही. रांगोळी संपत आलीय."

कळव्यापासून शिळफाट्यापर्यंत तो माझ्याकडे असा बघत होता की घरी सोडावं की दवाखान्यात, असा त्याला विचार पडला असावा. शिळफाट्याला गाड्या जागच्या हलेनात. मी तिथे बसून देवाला हात जोडले, आणि आईसारखंच, पीएचडीचं नाव घेऊन.

आमच्या मजल्यावर पोचलो तर जिन्यात साड्यांची रांग, अत्तराचा वास, आणि दारात आई चिमटीतून रेघ ओढत बसलेली. वृषाली तिच्या शेजारी उभी, हतबल; एवढ्या बायकांच्या गलक्यात तिचं कोणी ऐकलंच नव्हतं. मी सरळ लादीवर पालथा झालो आणि डोळा रांगोळीला लावला. होतं. खरं अभ्रक, पापुद्रे पापुद्रे सुटलेलं, वेडंवाकडं, कुठेही एका मापाचं नसलेलं.

"अगं बाई," मागून कोणीतरी म्हणालं, "सुहास लोटांगण का घालतोय?"

"आई, डबा दे."

"थांब, वेलीची चार पानं राहिलीत."

"पानं राहू देत. तो माझा दगड आहे."

"तुझा दगड? अरे, मला वाटलं वृषालीने नवीन रांगोळी आणून भरली."

"मला वाटलं तुम्हीच आणलीत," वृषाली म्हणाली.

आईने डबा पदराआड घेतला आणि वेल पुरी केली. पाहुण्यांसमोर ती अर्धवट रांगोळी सोडणाऱ्यातली नव्हे. मग डबा माझ्या हातात दिला. तळाला चांगला मूठभर चुरा होता. मला रडू यायचं बाकी होतं.

"त्यात मीठ आहे हां," आई म्हणाली.

"रांगोळीत मीठ?"

"बारीक मीठ. हाताला सुटी पडते. दर वर्षी घालते मी."

म्हणजे प्रयोगशाळेला पाठवलेल्या डब्यातही होतं. माझा आटलेला समुद्र तिथेच, दाराच्या चौकटीत, बायकांच्या देखत कायमचा आटला.

पुढचं भराभर सांगतो, चहा झालाय. मीठ पाण्यात विरघळतं, दगड विरघळत नाही, एवढं भूशास्त्र माझ्यापाशी उरलं होतं. चुरा शुद्ध पाण्याने धुतला, धुतला, पुन्हा धुतला, आणि कॉलेजातून थेट प्रयोगशाळेला पाठवला. घर टाळलं. निकाल आला तो चिखल आणि वाळू. सरांनी आयुष्यभर सांगितलं तेच. गेटवरचा फळा मी स्वतः पुसला, पाण्याची सूचना तेवढी ठेवली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी सहज विचारलं, "नमुन्यातलं अभ्रक नुसत्या डोळ्यांनी कसं ओळखाल?" मी तोंड उघडायच्या आत गोगटे सर म्हणाले, "तो एक प्रश्न सोडून त्यांना काहीही विचारा." परीक्षकांना वाटलं, गुरुशिष्यांची थट्टा चाललीय. ते हसले आणि पुढे गेले. मी पास झालो. कायमही झालो. सोफा आलाय, तुम्ही बसलायत तोच.

पण आईने पेढा तोंडात घालायच्या आधी विचारलं, "माझ्या नंबरचं काय?"

तिचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. भर सोसायटीत मुलाने तिच्या रांगोळीला भेसळ म्हटलं होतं, आणि ती मनात धरून बसली होती. मी पेढे घेतले, आईला घेतलं आणि दुसऱ्या मजल्यावर गेलो. शिंदेकाकूंना सगळं सांगितलं. काकू, चूक माझी. आईची चमक अस्सल होती. पहिला नंबर तिचा.

काकू आत गेल्या आणि स्टीलचा मोठा डबा घेऊन आल्या. कोरा करकरीत, वापरलेलाच नाही. आईच्या हातात देऊन म्हणाल्या, "घ्या हो वहिनी. दिवाळीपासून टोचत होतं मला हे."

"का?" मी विचारलं.

"अरे, माझी ती चमकी स्टेशनजवळच्या दुकानातली. प्लास्टिकची. पाकिटावर लिहिलेलंसुद्धा होतं. मी तेव्हाच सांगणार होते, पण तू सगळ्यांना गोळा करून इतकं मनापासून शिकवत होतास." काकूंनी पेढा अर्धा मोडला. "म्हटलं जाऊ दे, अजून पीएचडी व्हायचीय त्याची. शिकेल हळूहळू."